मागितलेलं सगळं मिळाल्यावर

जेजुरीहून परतल्यावर आठवडाभरात मी देवपूजा थांबवली. ठरवून नाही. त्या सकाळी आंघोळ झाली, केसांना पंचा गुंडाळला, देवघरापुढे पाट मांडला, ताम्हन पुढ्यात ओढलं आणि तशीच बसून राहिले. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझी पूजा एका रीतीने चालायची. हात देवांना आंघोळ घालायचे आणि मन मागण्या मागायचं. गणपतीवर पाणी घालताना मुलाची नोकरी, अन्नपूर्णेला पुसताना मुलीचा संसार, खंडोबाच्या टाकाला भंडारा लावताना ह्यांची तब्येत. कोणाकडे काय मागायचं याची वाटणीसुद्धा झालेली होती. त्या सकाळी मी गणपती हातात घेतला आणि मनाशी म्हटलं, काय मागू? काही आठवेना. मुलगा बंगळूरला नोकरीत स्थिर झाला होता. ह्यांची बायपास नीट होऊन हे रोज तासभर फिरायला जात होते. मुलीला किती तरी वर्षांनी मूल झालं होतं आणि त्याचाच नवस फेडून आम्ही आलो होतो. मागितलेलं सगळं मिळालं होतं. आणि माझ्या छातीतली ती जुनी हुरहुर, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटणं, होतं तसंच होतं.

मी गणपती कोरडाच जागेवर ठेवला, पाट उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याचा डबा घासायला काढला.

जेजुरीलाच मला याची चुणूक लागली होती. नात कडेवर घेऊन मुलगी पायऱ्या चढली, वर जाऊन रडली, जावयांनी खोबरं-भंडारा उधळला. सगळे पिवळे झाले होते, सगळ्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरलं होतं. मी गाभाऱ्यासमोर हात जोडून उभी राहिले आणि वाट बघत राहिले, की आता ते येईल. ज्याला लोक समाधान म्हणतात ते. इतक्या वर्षांची उपासना, इतका मोठा नवस पुरा झालेला, आता नाही तर कधी येणार? आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं असेल, तर इंदूरच्या घरातला गीझर बंद केला होता का. मागचे लोक ढकलायला लागले तशी मी बाजूला झाले. खाली हे आमच्या सगळ्यांच्या चपला सांभाळत एका कट्ट्यावर बसले होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी कांद्याच्या भावावर गप्पा मारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते वरच्या कोणापेक्षा कमी नव्हतं.

मी लहानपणापासून अशीच. माझं माहेर देपालपूरचं. वडील तहसील कचेरीत होते. घर लहान, अंगण मोठं, आणि मी त्या अंगणात दिवसभर येरझाऱ्या घालायची. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. जेवताना मध्येच उठायचं, अभ्यास करताना खिडकीशी जायचं, रात्री पांघरूण घेतल्यावर पुन्हा उठून दाराची कडी बघायची. वाईट काही घडलेलं नव्हतं. नुसतंच चैन नसायची. शेवटी आईने मला अथर्वशीर्ष पाठ करायला लावलं. देवाचं केलं की मन थाऱ्यावर येतं, असं तिने सांगितलं, आणि सांगताना तिचा स्वतःचा चेहरा इतका शांत होता की मी विश्वास ठेवला. म्हणजे मला देव औषधासारखा दिला गेला. मी तो नेमाने घेतला. गुरुवार, चतुर्थी, सोळा सोमवार, चातुर्मासाचे नेम, सगळं. गुण यायची वाट बघत बघत साठी उलटली.

आणि नवरा मिळाला तो असा. ह्यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते म्हणतात, पण ह्यांच्यात घोडदळाचं काही उतरलं नाही. वीज मंडळातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. देव मानत नाहीत. मानत नाहीत म्हणजे वाद घालत नाहीत, देवाशी भांडण नाही, नुसती ओळख नाही. गणपतीत आरतीला टाळ्या वाजवतात, प्रसादाचा मोदक आवडीने खातात, झालं. उशीवर डोकं टेकलं की झोप. एकदा भर बाजारातून ह्यांची स्कूटर चोरीला गेली, तर चालत घरी आले आणि म्हणाले, रस्त्यात एका ठिकाणी भुट्ट्याचा कीस इतका छान मिळाला, स्कूटरवर असतो तर दिसलाच नसता. प्रमोशन डावललं गेलं तेव्हा मी महिनाभर तळमळत होते. हे त्या संध्याकाळी गच्चीवर पतंग बघत बसले. मला कधी कधी वाटायचं, पूजा मी करते आणि फळ ह्यांच्या खात्यात जमा होतं आहे. हे मी एकदा बोलूनही दाखवलं. हे हसले आणि म्हणाले, जॉइंट खातं आहे ना, मग काय झालं.

तर पूजा थांबली हे ह्यांच्या दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजून गेलं, दूध आलं, पेपर आला, आणि हे चहा घेऊन नुसतेच उभे. मला म्हणाले, आज घंटा वाजली नाही का? मी म्हटलं, नाही. परवापासून नाही. माझ्याकडून नाही होत आता.

"बरं नाही वाटत?"

"बरं आहे. काही नाही झालं. मागायला काही उरलं नाही, बस."

 मला वाटलं होतं, विचारतील, समजावतील, निदान चेष्टा करतील. पण हे चहा पिऊन आंघोळीला गेले. मी भाजी चिरत होते तर देवघरातून पाण्याचा आवाज आला. जाऊन बघते तो हे पायजमा-बनियनवर, पाटाऐवजी माझ्या टाचा दुखतात म्हणून आणलेल्या फोमच्या चौकोनावर बसलेले, आणि सगळे देव एकदम ताम्हनात उतरवलेले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, खंडोबाचा टाक, शाळिग्राम, सगळे एकमेकांवर. जसे हॉस्टेलच्या नळावर पोरं. आणि हे त्यांच्याशी खास इंदुरी बोलीत बोलत होते. "क्या भिया, पाणी ठंडं तर नाही ना?"

माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हटलं, गणपती आधी असतो. एकेकाला घ्यायचं असतं. हे म्हणाले, बरं, उद्या एकेकाला घेईन. मी म्हटलं, मंत्र लागतात. हे म्हणाले, मला येत नाहीत, तू सांगशील का? मी सांगितलं नाही. हातातला कांदा घेऊन परत स्वयंपाकघरात आले.

दुसऱ्या दिवशी हे मंत्राच्या ऐवजी पेपर घेऊन बसले. देवांना पुसता पुसता मोठ्याने बातम्या वाचायला लागले. मेट्रोचं काम कुठवर आलं, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊच्या गाड्या बंद करणार म्हणतात, देपालपूरच्या मंडीत गव्हाची आवक. देपालपूरचं आलं की मुद्दाम आवाज चढवायचे, मी ऐकावं म्हणून. मी ऐकत होतेच. स्वयंपाकघरात उभी राहून मी ह्यांची एकेक चूक मोजत असायची. तुळस अन्नपूर्णेला वाहिली. निरांजन फुंकून विझवलं. नैवेद्याचं दूध दाखवलं आणि लगेच पिऊन टाकलं. मनात यायचं, जावं आणि हातातून पळी काढून घ्यावी. पण काढून घेतली तर मग मला बसावं लागलं असतं.

एकदा मी विचारलं. हे फुलं निवडत होते, मोगऱ्याचे दिवस होते.

"तुमचा विश्वास बसला का आता?"

"नाही."

"मग कशाला करता?"

ह्यांनी एक किडकी कळी बाजूला टाकली. म्हणाले, "तुझ्या घंटेने मला जाग यायची ना. घर चालू झालं असं वाटायचं. ती बंद झाली तर कसंतरी वाटलं. म्हणून म्हटलं, आपणच वाजवू."

एवढंच. आणि ते वाजवून सुखी होते. हेच मला सोसवत नव्हतं. मी इतकी वर्षं सोवळं-ओवळं सांभाळून, उपास काढून जे मागत होते, ते हा माणूस पायजमा-बनियनवर, चुकीच्या तुळशीने, विश्वास नसताना घेऊन चालला होता.

माझी सकाळ मोकळी झाली तशी मी जास्तच बिघडले. पूजेचे दोन तास कुठे घालवायचे कळेना. कपाटं लावून झाली, माळे झाडून झाले. घरातून निघून चालत सुटायची, जुन्या इंदूरच्या पुलापर्यंत जायची, वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तर घाईत असल्यासारखी पुढे सरकायची. भजनी मंडळात मंगळवारी जात होतेच. तिथे कोणाला सांगितलं नव्हतं. टाळ हातात घेऊन ओठ हलवायची आणि बाकीच्यांचे चेहरे बघायची. समोरच्या बाईचे डोळे मिटलेले, गालावर पाणी. मला वाटायचं, उठून तिला हलवून विचारावं, की तुला खरंच काय दिसतं आहे ते सांग. एक दिवस मध्येच उठून आले. नंतर गेलेच नाही.

माझी एक मैत्रीण महूला असते. आम्ही दोघी एकाच सरकारी कार्यालयात लेखा विभागात होतो, रिटायरही मागेपुढेच झालो. माझ्यापेक्षा थोडी लहान, मला ताई म्हणते. तिचे आजोबा आणि वडील दोघे फौजेत होते, घर बौद्ध. डबा आम्ही वर्षानुवर्षं एकत्र खाल्ला, एकमेकींच्या मुलांची आजारपणं, सासरचे किस्से सगळं बोललो, पण देवाधर्माचं कधी बोललो नव्हतो. तो विषय दोघी डब्याच्या बाहेर ठेवत असू. तिची एक गोष्ट मला नेहमी दिसायची. ती कशानेही हलायची नाही. ऑडिट आलं की अख्खं ऑफिस धावायचं, ही शांतपणे फायली लावत बसायची. मला वाटलं, हिला माहीत असेल.

श्रावणातल्या एका रविवारी मी सकाळी बस धरून महूला गेले. मी येणार म्हणून तिने कुर्डया तळून ठेवल्या होत्या. पण आधी विहारात जाऊन येऊ म्हणाली. विहार त्यांच्या गल्लीच्या टोकाला, साधी खोली, पांढऱ्या भिंती, खाली सतरंजी. पांढऱ्या साड्या नेसलेल्या दहा-पंधरा बायका, थोडे पुरुष. वंदना झाली आणि मग सगळे डोळे मिटून बसले. मीही बसले. श्वासाकडे बघायचं, असं तिने येताना सांगितलं होतं. मी श्वासाकडे बघितलं तर तो धापा टाकल्यासारखा वाटायला लागला. मग पायाला मुंग्या आल्या. मग वाटलं, परतीची बस चुकेल. मी एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर ऑफिसातली तीच शांतता होती.

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. पूजा थांबल्याचं, ह्यांनी सुरू केल्याचं, सगळं. ती हसली नाही. मग मी विचारलं, तुला तिथे समाधान मिळतं ना? कसं मिळतं ते मला सांग.

तिने कुर्डईची ताटली माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "ताई, आमच्याकडे समाधानासाठी कोणी धर्म घेतला नाही. आजोबांना समाधान नव्हतं म्हणून घेतला. समाधान असतं तर होते तिथंच राहिले असते ना."

मी कुर्डईचा तुकडा मोडला.

मग ती स्वतःबद्दल म्हणाली, मी शांत दिसते असं सगळेच म्हणतात, पण बोलायची आमची सोय नव्हती म्हणून गप्प राहायची सवय लागली. आत काय आहे ते मला माहीत आहे. विहारात बसते तेव्हा डोळ्यांपुढे आजोबा येतात, वडील येतात, राग येतो, मुलाची काळजी येते. येऊ देते. उठते आणि घरी येऊन भाजी टाकते. तिथे गेले की मला माझी पाठ सरळ आहे असं वाटतं, म्हणाली, त्याला समाधान म्हणायचं असेल तर म्हण.

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली होती. मी तिचं बोलणं मनात घोळवत राहिले. मला वाटत आलं होतं की श्रद्धा एका टोकाला घातली की दुसऱ्या टोकाने समाधान बाहेर पडतं, आणि माझ्या बाबतीत मध्ये कुठेतरी काही अडकलं आहे. तिच्या घरात तर उलटंच झालं होतं. तिथे बेचैनीने माणसांना उठवून उभं केलं होतं. पण त्यांची बेचैनी कशासाठी होती हे त्यांना ठाऊक होतं. माझी कशासाठी आहे? माझ्या पाठीवर तर कोणी ओझं दिलं नव्हतं. याचं उत्तर मला बसमध्ये सापडलं नाही, आणि घरी पोहोचल्यावरही नाही. हे गॅलरीत बसून शेंगदाणे सोलत होते. मला म्हणाले, बाळकृष्णाचा एक पाय हलतो आहे, सोनाराकडे न्यायला हवा.

गणपती आले आणि गेले. ह्यांनी मोबाइलवर पूजा लावून प्रतिष्ठापना केली. गुरुजी मोबाइलमधून सांगत होते, हे मध्येच थांबवून सामान शोधत होते. मी मोदक केले. स्वयंपाक माझा, देव त्यांचे, असं न बोलता ठरून गेलं होतं. बाहेरच्या कोणाला पत्ता नव्हता.

मग चंपाषष्ठी आली. खंडोबा आमचं कुलदैवत, आणि देव थोरल्या घरी म्हणजे आमच्याकडे, म्हणून त्या दिवशी सगळे आमच्या घरी जमतात. देवासहून माझी थोरली नणंद आली, तिचा मुलगा आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारे धाकटे दीर आणि जाऊ आले. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात. सकाळपासून मी चुलीशी होते, त्यामुळे बरी होते. तळी भरायला पाच पुरुष लागतात, दोन कमी पडत होते, तर शेजारचे सिंधी काका मुलाला घेऊन हौसेने आले. ताम्हनात पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. पाचही जणांनी ते धरून उचललं, येळकोट झाला. ह्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. नणंद माझ्याकडे बघून कौतुकाने हसल्या, जणू मीच त्यांच्या भावाला वळण लावलं होतं.

सगळे जेवायला बसले. पहिला रोडगा मोडता मोडता नणंद जावेला म्हणाल्या, हिच्यासारखी श्रद्धा असावी. चार दशकं या देवांचं हिने केलं. म्हणून बघ, घरात कसं समाधान आहे. हिच्या चेहऱ्यावरच दिसतं ते.

माझ्या हातात वाढायचं भांडं होतं. चेहऱ्यावर दिसतं म्हणाल्या तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"वन्सं, मी उन्हाळ्यापासून देवांना हात लावलेला नाही. पूजा हे करतात."

सगळे जेवायचे थांबले. नणंदेने आधी माझ्याकडे, मग भावाकडे बघितलं. विचारलं, सोवळ्यात करतोस? ह्यांनी खरं सांगितलं, पायजम्यावर. मुंज झाल्यापासून संध्या केली नाहीस, मंत्र कोणता म्हणतोस? ह्यांनी तेही खरं सांगितलं. पेपर वाचतो म्हणाले. सिंधी काका हसले आणि मग कोणी हसत नाही बघून थांबले.

नणंद ओरडल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या की हे वडिलांच्या वडिलांपासून चालत आलेले देव आहेत, असे अर्धवट पुजण्यापेक्षा धाकट्याकडे जाऊ दे. तिथे धाकटी सोवळ्यात सगळं करते. जावेने मान हलवली. नणंद म्हणाल्या, आज दिवसही चांगला आहे, संध्याकाळी जाताना गाडीतूनच घेऊन जातील. खरं तर बोलणं वाजवी होतं. मी मनात म्हटलंही, जाऊ देत. देवघर रिकामं झालं तर निदान रोज तिकडे बघायला नको.

पण हे ताटावरून उठले. इतक्या वर्षांत मी ह्यांना ताटावरून उठताना बघितलं नव्हतं.

"देव कुठेही जाणार नाहीत."

नणंद म्हणाल्या, "तू तर मानतही नाहीस त्यांना."

"नाही मानत. पण सकाळी उठवतो मीच त्यांना."

ह्यांचा आवाज फाटला. भरताने माखलेला हात तसाच धरून हे उभे होते. भाचा पाणी घेऊन आला. जावेने पदर डोक्यावर ओढून घेतला. नणंदेने पानातलं संपवलं नाही. चहाला न थांबता त्या मुलाबरोबर निघून गेल्या, आणि त्यांच्या मागून दीर-जाऊ. जाताना नणंदेने देवघराकडे वळून हात जोडले आणि माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी मी भांडी लावून बाहेर आले तर हे पलंगावर नव्हते. जेवणानंतरची ह्यांची झोप कोणत्याही कारणाने चुकलेली मला आठवत नाही, बायपासच्या आदल्या दिवशीसुद्धा हे घोरत होते. हे देवघराच्या दारात उभे होते. मग गॅलरीत गेले. मग आत येऊन पंखा लावला, थंडीचे दिवस असून, आणि बंद केला. खुर्चीत बसले आणि लगेच उठले. मी दारात उभी राहून बघत होते. हे माझं रोजचं होतं. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस माझ्या गावचा आहे.

"मला एवढा राग का आला कळत नाही," हे म्हणाले. "अक्का चूक थोडीच बोलली."

मी पलंगाच्या कडेला बसले. हे परत एक फेरी मारून आले.

"तुला असंच होतं का? बसवत नाही, उभं राहवत नाही?"

"रोज."

हे थांबले.  मग म्हणाले, "मग तू पूजा कशी करायचीस?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. आईने नाही, भजनी मंडळात नाही, मी स्वतःही नाही. सगळे समजत होते की मी शांत आहे म्हणून पूजा करते, किंवा पूजा करते म्हणून शांत आहे. मी म्हटलं, तेवढा वेळ हातांना काम असायचं. एवढंच सुचलं. पण बोलून झाल्यावर वाटलं की हे खरं आहे, आणि हे कमी नाही. रोज सकाळी तेवढा वेळ माझी येरझार त्या पाटावर बसायची. थांबायची नाही, पण बसायची. मी जे मागत होते ते देवांनी दिलं नाही असं नव्हतं. मी मुलासाठी मागितलं, मुलीसाठी मागितलं, ह्यांच्यासाठी मागितलं. मला चैन पडू दे, असं मी त्या पाटावर बसून कधी म्हटलंच नव्हतं. मला ते मागण्यासारखं वाटलंच नव्हतं, कारण ते आपोआप यायचं होतं.

आता मागावं का, असं त्या दुपारी मनात आलं. आणि गंमत म्हणजे मागावंसं वाटलं नाही. ही हुरहुर गेली तर माझ्यातलं काय उरेल, याची मला भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पाणी घेऊन बसले तशी मी जाऊन बाजूला बसले. पळीला हात लावला नाही. सहाण घेतली, खोड घेतलं आणि गंध उगाळायला लागले. ह्यांनी पेपर उघडला. मी म्हटलं, शाळिग्राम उलटा ठेवला आहे. हे म्हणाले, त्याला उलटं-सुलटं कसं कळतं तुला? मी सांगितलं. ह्यांनी फिरवून ठेवला. अन्नपूर्णेची तुळस काढली. असे आम्ही रोज बसतो आता. मी मधूनच उठते, गॅस बघून येते, परत बसते. पूर्वी मध्येच उठणं मला पाप वाटायचं. काही दिवस मी तोंडाने अथर्वशीर्ष म्हणते, काही दिवस नुसत्या बातम्या ऐकते. समाधान आलं का, असं मैत्रिणीने महूहून फोन करून विचारलं. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, बरं, मग पुढच्या रविवारी ये, कुर्डया संपवायच्या आहेत.

नणंदेने महिनाभर फोन केला नाही. मग संक्रांतीच्या सुमाराला त्यांचा मुलगा कामासाठी बाहेरगावी जाणार होता, त्या एकट्या राहणार, तेव्हा हेच देवासला जाऊन त्यांना घेऊन आले. कसं बोलणं झालं मला माहीत नाही. दोघं गाडीतून उतरले तेव्हा काही झालंच नाही असे उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद आंघोळ करून, शाल गुंडाळून देवघरापाशी खुर्ची टाकून बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. ह्यांनी त्या दिवशी सोवळं नेसलं होतं, बहिणीसाठी, आणि ते सारखं सुटत होतं. पहिलीच पळी घातली तर नणंद म्हणाल्या, असं नाही. ह्यांनी धार लहान केली. तरी म्हणाल्या, असं नाही.

मी गंध उगाळून वाटीत ठेवलं, दोघांकडे बघितलं आणि पिशवी घेऊन भाजीला निघाले. बाहेर ऊन छान पडलं होतं. कोपऱ्यावर गराडूच्या कंदाचे तुकडे तळायची कढई नुकतीच चढली होती, ह्यांना आणि वन्संना दोघांना आवडतात, परतताना घ्यावेत असं ठरवलं. हिरवा हरभरा आला होता, मटार स्वस्त होते. पण मंडईत शिरायच्या आधीच मला वाटायला लागलं, की ती दोघं एव्हाना भांडत असतील, बाळकृष्णाचा जोडलेला पाय ह्यांच्या हातून पुन्हा निसटला असेल, निरांजन शालीला लागलं असेल. मी तिथल्या तिथे वळले आणि रिकामी पिशवी घेऊन भरभर घराकडे चालू लागले.